लदेणीचा शेवटचा बैल

१

खेळणं म्हणू नका. पहिलेच सांगून ठेवतो, कारण हा शब्द ऐकला का माह्यं डोकं सरकते. मी राजकुमार. फुलसावंगीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, राहतो बाजूच्या तांड्यात, अन् रविवारी सकाळचा चहा झाला का समोरच्या खोलीतल्या टेबलावर लढाई बांधतो. दोन बोटं उंचीची माणसं, बैल, घोडे. टेकड्या थर्माकोलच्या, झाडं तुराट्यांची, गवत म्हणजे हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. माती मात्र आपलीच, काळी, बायकोच्या जुन्या चहागाळणीनं चाळलेली. यवतमाळले अनिकेत नावाचा दोस्त आहे, कचेरीत बाबू. महिन्यातून एकदा तो आपले घोडेस्वार डब्यात भरून आणते, नियमाचं पुस्तक उघडते, अन् आम्ही दोघं दिवसभर फासे टाकत लढतो.

यंदा मी लदेणी बांधली. आमचे पूर्वज बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरत, त्या बैलांच्या रांगेले लदेणी म्हणतात. फौजांले दाणा पोचवाचं काम याच लोकांचं. तलवारवाले सगळेच बनवतात, दाणा वाहणारे कोणी बनवत नाही, म्हणून मले तेच बनवाचे होते. चोवीस बैल, सहा माणसं. तारेचा सांगाडा, वरून एम-सील, मंग रंग.

प्रत्येक पुतळीच्या बैठकीत दोन चुंबकं, मसुराच्या डाळीएवढी. एक समोर, एक मांगं. बोटानं फिरवाच्या ड्रिलनं भोक पाडाचं, चुंबकाच्या एका तोंडावर लाल मार्करचा ठिपका द्याचा, ठिपका कोणीकडे आहे हे तीनदा पाहाचं, अन् मंगच फेविक्विक लावाचं. समोरच्या चुंबकाचा ठिपका बाहेर, मांगच्याचा आत. असं केलं का एकाची बैठक दुसऱ्याच्या मांगं टक्कन चिकटते. सगळ्यात समोरच्याले बोटानं ओढलं का सगळ्या पुतळ्या वार्निश मारलेल्या वाटेवरून न तुटता सरकत येतात. पहिल्यांदा ओढली तेव्हा मले एवढा आनंद झाला का मी ममताले स्वयंपाक सोडून पाहाले बोलावलं. ममता म्हणजे माही बायको. ती म्हणे, "छान हाये, आता हात धुवा."

एक बैल तेवढा चुकला. काबरा, शेवटचा. त्याच्या समोरच्या चुंबकाचा ठिपका उलटा बसला होता. रांगेजवळ नेला का तो दोन बोटं दूर सरके, कितीही दाबला तरी. ज्यानं चुंबकं बसवली आहेत त्याले विचारा, गोंद वाळल्यावर ही चूक दिसली का जीव कसा जळते. मी दोन शिव्या दिल्या, तो बैल तुटक्या सामानाच्या डब्यात फेकला, अन् मधातली माणसं शेवटी लावली. तिथं चेहरे पण चांगले दिसत होते.

चेहरे घरचेच होते. सगळ्यात समोर नायक, म्हणजे मी, हातात भाला. मंग तेवीस बैल. त्यांच्या मांगं माही पोरगी राखी, मंग ममता, मंग माहा लहान भाऊ बादल, मंग माही याडी, अन् शेवटी बापू. आमच्यात आईले याडी म्हणतात.

२

बापूनं आपली पुतळी भिंगातून पाहिली. रामधन नाव त्याचं, वय एकाहत्तर, अन् मिशीचा गर्व अजून पंचविशीतला. "मिशी बारीक केली तू," तो म्हणे. "एका केसाच्या ब्रशनं केली, बापू." "मंग दोन केसाचा घ्याचा होता." असं म्हणत तो दिवसभर येता-जाता पाहून गेला. मनातून खूश होता.

याडी आली ती भिंगाविनाच पाहत राहिली. मानीबाई नाव तिचं, नजर अजून सुईत दोरा ओवते.

"शेवटी कोन हाये?"

"बापू."

"अन् बैल?"

"एक बैल उलटा बसला, टाकून देल्ला."

"शेवटी बैल ठेवतात. माणूस नाई ठेवत."

"काहून?"

"नाई ठेवत म्हणून नाई ठेवत. आता लहान हायेस का तू, सांगाले?"

तिनं तुरीचं सूप उचललं अन् आंगणात गेली. मी हसलो. शिकलेल्या माणसाचं हसणं असते तसंच होतं ते, त्याची आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी लदेणी ओढून पाहिली, अन् ती जड लागली. लई नाही, थोडीशीच. पण मी रोज ओढत होतो, बोटाले वजन ठाऊक होतं. बैल मोजले, तेवीस. माणसं मोजली, सहा. होत्या तेवढ्याच एकोणतीस, म्हणजे वजन वाढाचं काही कारण नव्हतं. म्हटलं वार्निश चिकट झालं असन, फडक्यानं पुसलं. तरी जड.

मंग एक सुटं चुंबक घेतलं, ठिपका पाहिला, अन् बापूच्या बैठकीच्या मांगं लावाले गेलो. शेवटची पुतळी, मांगची जागा रिकामी, चुंबक टक्कन बसाले पाहिजे. बसलं नाही. दोन बोटं आधीच अडलं. जिथं आधीच कोणी चिकटलेलं असते तिथं दुसरं चिकटवाले जावं, तसं ते बाजूले घसरून गेलं.

३

मी मास्तर आहो. पोट्ट्यांले सांगतो, पहिले पाहा, मंग बोला. म्हणून मी पाहत बसलो.

बापूच्या बैठकीतलं मांगचं चुंबक उलटं असन, असं वाटलं. लदेणीतून पुतळी उचलाले लागलो तर सोडवतानी दोन्ही बाजूनं ओढ जाणवली, समोरून अन् मांगूनही. हातात घेऊन तपासली. चुंबक बरोबर होतं, सुटं चुंबक आता झटकन चिकटलं. परत रांगेत ठेवली, अन् दोनदा आवाज झाला. टक्, अन् थोड्या वेळानं परत टक्.

अनिकेतले फोन केला. तो म्हणे, "अबे, टेबलाखाली लोखंडाचा पत्रा असन, नाहीतर खिळा." टेबल सागाचं आहे, खुंट्यांवर जोडलेलं. खाली वाकून, हात फिरवून पाहिलं. कोळ्याचं जाळं तेवढं निघालं.

त्याच आठवड्यात नवीन भाल्यासाठी तार घासत होतो. लोखंडाचा बारीक कीस उडून वाटेवर पडला. चुंबकांच्या आसपास कीस उभा राहते, हे साहजिक आहे, बैलांच्या पायाजवळ राहिलाच. पण बापूच्या मांगं, जिथं काहीच नव्हतं, तिथंही राहिला. रुपयाएवढ्या गोल जागेत, अंगावर काटा आल्यावर केस उभे राहतात तसा. मी वाकलो, फुंकर मारली. कीस हलला नाही. माह्या श्वासानं नाही, पण थोड्या वेळानं आपोआप तो सगळा एका बाजूले कलला, बापूच्या बाजूले.

त्या दिवशी मी टेबलावर चादर टाकली अन् कोणाले काही बोललो नाही.

४

बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे फुलसावंगीले गेलतो. येतानी ऑटो फाट्यावर सोडते, तिथून तांडा दहा मिनिटाची चाल. दुपारचे चार वाजले असतील, ऊन लख्ख. समोर राखी अन् ममता, मंग मी पिशव्या घेऊन, मांगं याडी, तिच्या मांगं बापू. बापू बडबडत होता, भेंडीवाल्यानं कसं फसवलं त्याचं. दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी, रस्ता सरळ, झाड नाही.

बोलणं कधी थांबलं हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. घराच्या फाटकाजवळ याडी म्हणे, "अवो, किल्ली तुमच्याजोळ हाये ना?" उत्तर आलं नाही म्हणून वळली.

बापू दोनशे पावलं मांगं होता. रस्त्याच्या कडेले मांडी घालून बसलेला, तोंड आलो त्या दिशेले. मी पळत गेलो. भेंडीची पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, डोळे उघडे. रस्त्याकडे तो असा पाहत होता का मी पण पाहिलं. रस्ताच होता फक्त. डॉक्टर म्हणे हृदय बंद पडलं, या वयात होते असं.

क्रियाकर्मानंतर मी चादर काढली. बापूची पुतळी रांगेतून सुटून वाटेच्या कडेले उभी होती. तोंड मांगं. आता शेवटी याडी होती, अन् उभा राहिलेला कीस याडीच्या मांगं आला होता.

५

मले भेव वाटलं. साधं, लहान पोरासारखं भेव. याडीवर माहा जीव आहे. मी चौथीत असतानी विषमज्वरानं एकवीस दिवस पडलो होतो, तिनं एकवीस दिवस जमिनीवर पाठ टेकली नव्हती.

काबरा बैल डब्यातून शोधून काढला. उलटं बसलेलं चुंबक ड्रिलनं कोरून काढलं, नवीन बसवलं, ठिपका तीनदा नाही, दहादा पाहिला. याडीच्या मांगं लावला. दोन बोटं दूर सरकला. बाकीचे बैल सोडवून आणले, एकेक करून लावून पाहिले. एकही चिकटला नाही. पहिल्याच दिवशी मांगं बैल असता तर त्या बैलावर भागलं असतं, हे मले तेव्हा समजलं, अन् ज्यानं माणूस चाखला त्याले आता बैल चालत नव्हता.

मंग म्हटलं, याडीच्या बैठकीतलं मांगचं चुंबकच काढून टाकतो. जागाच नाही तर चिकटन काय. ड्रिलचे दोन फेरे दिले असतील, सैपाकघरातून याडीचा आवाज आला. "राजू, कमरेत चमक भरली रे." मी ड्रिल खाली ठेवलं.

सगळं डब्यात भरून पाहिलं. सकाळी डबा उघडला तर पुतळ्या आपापल्या चिकटून एक रांग झाली होती. चुंबकं आहेत, चिकटणारच, यात नवल नाही. पण रांगेत शेवटी राखी होती. माही आठ वर्षाची पोरगी. मी सगळं उचलून परत वाटेवर मांडलं, होतं त्याच क्रमानं. डब्यात नशिबावर सोडण्यापेक्षा इथं मांडलेलं बरं, इथं क्रम माह्या हातात होता.

६

बादल ट्रकवर असते. पांढरकवड्यावरून हैदराबाद, हैदराबादवरून नागपूर. बापू गेला तेव्हा तो तिसऱ्या दिवशी उगवला, दाढी वाढलेली, डोळे लाल, अन् याडीच्या मांडीवर डोकं ठेवून असा रडला का मलेच परका केलं. लहानपणापासून तसंच. शेती मी पाहाची, दवाखाना मी कराचा, अन् याडीनं वाट याची पाहाची. हे मी आता सांगून राह्यलो, त्या दिवशी मनात हे काही नव्हतं असं मी स्वतःले सांगतलं होतं.

मी एवढंच केलं. याडीची पुतळी शेवटून उचलली. मांगून ओढ बसली, जोर लावावा लागला. ती राखीच्या समोर नेऊन जोडली. मांगं बादल होता, तो आपोआप शेवटचा झाला. मी बादलले हात पण लावला नाही.

थोडा वेळ काही झालं नाही. मंग टक्.

मी वळलो तर दारात याडी. हातात चहाचा कप.

"बादल शेवटी काहून?"

"असंच. रंग कसा दिसते पाहून राह्यलो."

तिनं कप टेबलावर ठेवला. वाटेवरच्या पुतळ्या पाहिल्या, कडेले उभा असलेला बापू पाहिला. मंग मले पाहिलं. फार वेळ पाहिलं. पदरानं टेबलावर सांडलेला चहा पुसला अन् गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. धाब्यावाल्याचा. बादलनं ट्रक कडेले लावला, ताडपत्रीची दोरी सैल झाली म्हणून मांगं गेला, जेवण थंड झालं तरी आला नाही. ट्रकच्या मांगं मांडी घालून बसला होता, तोंड मोकळ्या रस्त्याकडे. अंगावर ओरखडा नाही. धाब्यावाला म्हणे, "साहेब, मले वाटलं कोणाशी बोलून राह्यला."

मी फोन ठेवला. याडी समोर उभी होती. मी काही सांगाच्या आधीच ती खाली बसली, अन् तिनं रडताना एकदाही माह्या खांद्याचा आधार घेतला नाही.

७

आता शेवटी ममता होती. तिच्या समोर राखी.

तेरा दिवस मी तेच गणित करत होतो. ममताले उचललं तर राखी. राखीले उचललं तर याडी. एकेक करून सगळ्यांले समोर नेत गेलो तर रांग फिरत राहीन, अन् ज्या दिवशी चुकन त्या दिवशी घरातलं एक जाईन. सगळ्यात समोर भाला घेऊन मी उभा होतो. माह्या पुतळीले हात लावाचं माह्या मनात एकदाही आलं नाही. खोटं कायले बोलू, आलं होतं. मी ते मनातून काढलं.

बादलच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो. चादर घडी करून खुर्चीवर ठेवलेली. वाटेवर एकही बैल नव्हता. राखी नव्हती, ममता नव्हती, याडी नव्हती. कडेले बापू अन् बादल तोंड फिरवून उभे, अन् वाटेवर नायक. भाला घेऊन, एकटा. ज्याच्या समोर कोणी नाही त्याच्या मांगंही कोणी नसन तर तो पहिला पण असते अन् शेवटचा पण, हे समजाले मले थोडा वेळ लागला. मंग मी त्याच्या मांगं कीस पाहिला. सगळा उभा होता.

याडीच्या खोलीत गेलो. तिनं फळीवर नवीन रांग मांडली होती. याडी, राखी, ममता, मंग तेवीस बैल, अन् शेवटी काबरा. मी सुटं चुंबक काबऱ्याच्या मांगं लावलं. टक्कन चिकटलं. तिथं कोणी नव्हतं.

मी ती रांग पाहत राहिलो. मंग, सांगतो, याडीच्या पुतळीकडे हात नेला. तिले उचलून तिकडे, नायकाच्या मांगं ठेवाचं, एवढंच डोक्यात होतं. चिकटणार नाही हे ठाऊक असूनही हात गेला.

"ने," याडी मांगून म्हणे. ती खाटेवर बसून राखीचे कपडे पिशवीत भरत होती. "मले नेतं का? नेऊन पाह्य."

माहा हात खाली आला.

"याडी, तू काय केलं हे?"

तिनं फ्रॉकची घडी नीट केली. आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नाही.

"मी काय केलं? पोरी उचलल्या, ढोरं उचलली. तुले हात पण लावला नाई, राजू."

८

ती ममताले म्हणे, चार दिवस पांढरकवड्याले माह्या बहिणीकडे जाऊ, पोरीले हवापालट. ममतानं मले विचारलं, "तुम्ही येता का?" मी हो म्हटलं. घरात एकटं राहिलो तरी शेवटचा मीच होतो.

कुलूप मी लावलं. म्हणून सुरुवातीपासूनच मांगं पडलो. दुपारचे चार, तोच रस्ता, पऱ्हाटी आता फुटलेली. समोर राखी, बाजूले ममता पिशवी घेऊन, अन् मधात याडी. मी पाय उचलले, तिघींले ओलांडून समोर व्हाचं म्हणून. याडीनं मांगं न पाहता हात आडवा केला.

"मांगंच राह्य."

"याडी."

"पोरगी हाये समोर. मांगंच राह्य."

ममता हसली, तिले वाटलं मायलेकाचं काही भांडण आहे. राखी शाळेतली कविता म्हणत होती. मी राहिलो. माह्या पाठीवर ऊन होतं, अन् कमरेच्या मधात, रुपयाएवढ्या जागेत, ऊन लागत नव्हतं. चालणं जड होत होतं. लई नाही, थोडंसंच.

खिशात सुटं चुंबक होतं, सवयीनं राहते. मी ते काढलं, ठिपका पाहिला, अन् वळून न पाहता हात पाठीमांगं नेला. उघड्या हवेत चुंबक दोन बोटं आधीच अडलं अन् बाजूले घसरलं. मी थांबलो. चुंबक बोटात फिरवलं, ठिपका उलटा केला, अन् परत हात मांगं नेला. या वेळी ते माह्या बोटांतून ओढून घेतलं गेलं. टक्. डांबरावर पडल्याचा आवाज आला नाही.

"याडी," मी म्हटलं. पाय आपोआप मांडी घालाले वाकून राह्यले होते. "याडी, एकदा पाह्य."

तिनं ऐकलं. मले दिसलं, तिची मान थोडी वळाले लागली होती. मंग तिनं राखीचा हात घट्ट धरला, ममताले म्हटलं, "चाल लवकर, बस निघून जाईन," अन् तिघींनी पावलं उचलली.